बिल्ला घरात आहे

२ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोनवर आपण दोघंही दुसऱ्याच वाक्याला आवाज चढवतो आणि तुझी आई घाबरून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. कागदावर निदान ओरडता येत नाही. माफी मागायला लिहीत नाहीये आणि तूही मागू नकोस. कामापुरतं लिहितोय.

काम असं की, आईचा बिल्ला मेला. तू त्याला टॅग म्हणतेस, मी बिल्लाच म्हणणार. गाऊनच्या खिशात राहिला आणि कपड्यांबरोबर मशीनमधून धुऊन निघाला. पुसला, उन्हात ठेवला, नवा सेल घातला, पण ढिम्म. तू दाराच्या वर लावलेल्या पेटीचा दिवा लालचा लाल, आणि ती अशी केकाटत होती की खालचा शिंपी वर येऊन म्हणाला, "काका, पोपट पाळला की काय?" शेवटी तिची वायर काढून ठेवली.

तेव्हा सध्या पहारेकरी मी. आई बाथरूमला गेली तरी मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. कुलूप लावून बघितलं, तर ती कडी धरून इतकी रडली की माझ्याच हाताने उघडलं. तिला कुठे जायचं असतं हे तिलाही सांगता येत नाही. जायचं असतं एवढं नक्की.

तुझ्या त्या बिल्ल्याचा मला मोठा आधार होता, हे आता कळतंय. खिशातल्या खिशात तो ‘मी आहे, मी आहे’ करत राहायचा, पेटीला ते ऐकू येतंय तोवर दिवा हिरवा. आई जिना उतरून गेली की पेटीला ऐकू येणं बंद, दिवा लाल आणि बोंबाबोंब. साधं काम, पण डोकं लावून केलेलं. लिफ्टच्या दुरुस्तीत आयुष्य काढलेला माणूस सांगतोय, उगाच नाही.

आता तुला विचारायचं ते असं. तुझ्या खणात कोरे बिल्ले आहेत. ते मोठं किटही आहे, खोक्यासकट, ज्याच्यावरून तू बिल्ल्यात प्रोग्राम भरायचीस. तुझा जुना कंप्युटर रडतखडत का होईना, चालू होतो आणि त्यात ‘आई’ नावाची फाईल दिसते. मला आठवतं ते असं: किट कंप्युटरला जोडायचं, किटमधून निघणारी चपटी केबल बिल्ल्याला लावायची, बिल्ल्याचा सेल काढून ठेवायचा आणि फाईल पाठवायची. सेल काढायचा हे तर पक्कं आठवतं, कारण मी तो तसाच ठेवला म्हणून तू माझ्या हातावर चापट मारली होतीस. हे बरोबर आहे का, एवढंच कळव.

तू आणून ठेवलेली, अशा माणसांना सांभाळणाऱ्या त्या तीन संस्थांची पत्रकं कपाटावर आहेत. उघडलेली नाहीत. माझ्या बायकोला परक्याच्या हवाली करायला मी अजून मेलेलो नाही. हे तेव्हाही म्हणालो होतो आणि त्यावरूनच सगळं झालं, म्हणून इथेच थांबतो.

बाबा

११ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, तुझ्यावाचून अडलं नाही. बिल्ला केला! मी केला! चष्मा कपाळावर ढकलून, नाक कंप्युटरला चिकटवून, पण केला.

तुझ्या त्या चपट्या केबलला दोन्ही बाजूंनी सारखंच तोंड आहे. आधी उलटी लावली की सुलटी, देव जाणे. मग बघितलं, तर एका कडेला लाल रेघ आहे. आमच्या पॅनेलमधल्या वायरींना अशीच खूण असायची, त्यामुळे ते पटकन उमजलं. किट जोडलं, सेल काढला, केबल लावली, ‘आई’ पाठवली. कंप्युटरवर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि खाली आलं, यशस्वी. मी मोठ्याने वाचलं. तुझी आई म्हणाली, "पास झालास का रे?" मी म्हटलं, "झालो." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती मला कोण समजत होती, ते विचारलं नाही.

मग बिल्ल्यात सेल घातला आणि दारावरच्या पेटीची वायर जोडली. क्षणभर लाल, आणि लगेच हिरवा! मी खुर्चीतच बसून राहिलो. पुढे बिल्ला खाली नेऊन बघणार होतो, लाल होतो की नाही ते. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, तिला पाण्याचा नळ बंद करता येत नव्हता. नंतर ते राहिलंच. दिवा हिरवा आहे, आणखी काय पाहिजे?

किट तसंच टेबलावर ठेवलंय, कंप्युटरला जोडलेलं. चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा माझा जुना धर्म आहे. तू येशील तेव्हा सोड हवं तर. येशील तेव्हा म्हणजे, कधी आलीस तर.

काल दुपारी जेवल्यावर चक्क आडवा झालो. किती महिन्यांनी, आठवत नाही. डोळा उघडला की आधी दाराकडे मान वळवायची. हिरवा. की पुन्हा डोळा मिटायचा. आई पलंगावर बसून उशीचा अभ्रा काढते आणि घालते, काढते आणि घालते. पत्रकं रद्दीत टाकू का, की तुला हवीत?

बाबा

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

एक सहज विचारायचं होतं. तुझ्या पेटीचा दिवा, आई घरात नसताना हिरवा राहू शकतो का? म्हणजे बिल्ला तिच्या खिशात असून? काही झालेलं नाही, आपलं माहिती असावी म्हणून.

आईच्या टाचेला जरा लागलंय. चप्पल नव्हती पायात. कंपाउंडरने पट्टी बांधली, दोन दिवसांत बरं होईल म्हणाला. शिंपी बरोबर आला होता. त्याने दुकान बंद ठेवलं तेवढ्यासाठी. मी नको म्हणत होतो.

लवकर लिही. एक ओळ पुरे.

बाबा

२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. एक ओळ मागितली होती, एकच दिलीस: ‘प्रोग्राम भरताना टॅगच्या बोर्डला वीज कुठून दिली होती?’ ना कसे आहात, ना बिसे आहात. आधी रागच आला. कार्ड उपडं करून पाठीमागे काही आहे का तेही बघितलं. मग तो प्रश्न पुन्हा वाचला आणि टेबलावरच्या किटकडे बघितलं.

कुठूनच दिली नव्हती गं. सेल तर मी काढला होता. मला वाटलं, केबलमधून सगळंच जातं. त्या केबलमधून फक्त निरोप जातो, वीज जात नाही. वीज किटवरून वेगळ्या दोन वायरींनी द्यायची असते आणि म्हणून तू सेल काढायला लावायचीस, दोन्हीकडून एकदम नको म्हणून. मला अर्धं लक्षात राहिलं. चापट लक्षात राहिली, वायरी नाही राहिल्या.

मग ते यशस्वी काय होतं? संध्याकाळभर किटच्या सोबतचा कागद घेऊन बसलो. खालच्या शिंप्याची सून शिकलेली आहे, तिने वाचून अर्थ सांगितला. किटवर स्वतःचीही एक चिप असते. केबलच्या टोकाला जागा बोर्ड मिळाला, तर किट त्याला प्रोग्राम देतं. पलीकडे काहीच जागं नसेल, तर ते समजतं की कोणी जोडलेलंच नाही, आणि सगळं स्वतःतच भरून घेतं. वर सांगतं, यशस्वी. खोटं काही बोललं नाही बिचारं.

म्हणजे इतके दिवस आईच्या खिशात होता तो कोरा तुकडा. आणि टेबलावर पडलेलं ते किट कंप्युटरची वीज खाऊन पेटीला सांगत होतं, ‘मी आहे, मी आहे.’ ते आई होऊन बसलं होतं. ते कुठे जाणार? दिवा हिरवाच राहणार.

मागच्या पत्रात मी काही झालेलं नाही असं लिहिलं. झालं होतं. तुला कळायला हवं, तुझी आई आहे ती.

मी दुपारी झोपलो होतो. उठलो, मान वळवली, हिरवा. चहा केला, दोन कप. तिला हाक मारली. उत्तर नाही, पण ती हल्ली हाकेला ओ देतेच असं नाही. मी माझा कप सावकाश संपवला, भिंगरी. वर्तमानपत्रही वाचलं. तिचा चहा गार झाला म्हणून कप घेऊन आत गेलो, तर पलंगावर अभ्रा होता आणि उशी होती.

तरी मी काय केलं असेल? बाहेर येऊन पुन्हा दिवा बघितला. हिरवा! म्हणून घरातच शोधत बसलो. पलंगाखाली, बाथरूममध्ये, कपाटाचं दार उघडून आत. दिवा सांगतोय आहे, म्हणजे असणारच. आमच्या धंद्यात पोरांना पहिल्या दिवशी बजावतात, मजल्याचा दिवा काही दाखवो, दार उघडून आत पाय टाकण्याआधी केबिन डोळ्यांनी बघायची. दिव्यावर भरवसा ठेवून पाय टाकलेली माणसं मी उचललेली आहेत. आणि मी स्वतःच्या घरात कपाटं उघडत होतो.

शेवटी खाली गेलो. शिंप्याने मशीन सोडलं, त्याच्या कारागिराने सायकल काढली, मी मधल्या रस्त्याने. पाववाल्याने बघितलं नव्हतं, औषधवाल्याने बघितलं नव्हतं. मला तिचं वर्णन करता येईना. विचारतात, अंगात काय होतं? सकाळी मीच गाऊन बदलला होता आणि रंग आठवेना.

सापडली ती विम्याच्या कचेरीत, चौकापलीकडच्या उंच इमारतीत. लिफ्टमध्ये. वर जात होती, खाली येत होती. दार उघडलं की बाहेर डोकावायची आणि पुन्हा आत. माणसं चढत होती, उतरत होती, तिला जागा करून देत होती. पहारेकऱ्याला वाटलं, कोणाबरोबर तरी आली असेल. मग त्याने तिचे पाय बघितले आणि खुर्ची दिली. तिने ती लिफ्टमध्येच ओढून घेतली.

मी पोचलो तेव्हा दार उघडलं आणि ती समोर बसलेली. मांडीवर तुझ्या त्या किटचं रिकामं खोकं, त्याला गाऊनचा पट्टा गाठ मारून बांधलेला. पहारेकरी म्हणाला, "आजी म्हणतात, आमचे हे लिफ्टवर आहेत, त्यांचा डबा द्यायचाय. कुठल्या मजल्यावर विचारलं तर म्हणतात, जिथे बंद पडली असेल तिथे."

मी म्हटलं, "अगं, मी इथे आहे." तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तुम्ही बसा हो काका, दमलेले दिसता. ते भेटले की मी जाणार आहे घरी." आणि मला खुर्ची दिली.

मी बसलो. दोघं तसेच आणखी एकदा वरपर्यंत जाऊन आलो. मग म्हटलं, त्यांनी मला डबा न्यायला पाठवलंय, तेव्हा कुठे ती बाहेर आली.

हे वाचून तू फोन करशील. करू नकोस. मला आत्ता कोणाचं बरोबर होतं ते ऐकायचं नाहीये.

बाबा

९ मार्च

भिंगरी,

फोन केला नाहीस आणि दोन ओळींचं का होईना, पत्र पाठवलंस. वायरी कुठे लावायच्या त्याचं चित्र काढून दिलंस ते झकास. लाल इथे, काळी तिथे. चित्रातला तो चष्म्याचा म्हातारा मी वाटतं. टक्कल जरा जास्त दाखवलंय.

या खेपेला सगळं रीतसर केलं. आधी कंप्युटरची ‘आई’ तशीच ठेवून किटमधली पुसली, म्हणजे ते पुन्हा आव आणायला नको. सेल बाहेर. किटवरून लाल आणि काळी वायर बिल्ल्याला. मग चपटी केबल. बिल्ल्यावर वीज पोचली की नाही ते माझ्या जुन्या मीटरने बघितलं, दोनदा. मगच फाईल पाठवली. यशस्वी आलं, पण आता मी काही मोठ्याने वाचलं नाही. वायरी सोडल्या, किट बंद करून खणात टाकलं, बिल्ल्यात सेल घातला. हिरवा. मग बिल्ला मुठीत धरून स्वतः जिना उतरलो. शिंप्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत वरून बोंब सुरू झाली. शिंप्याने कात्री खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "काका, पोपट बरा झाला!"

तेव्हा तुझा बिल्ला चालतो. तुझ्या कामात खोट नव्हती, माझ्याच हातून चूक झाली होती, हे लिहून देतो.

आता पुढचं. परवा सकाळी मी दाढी करत होतो आणि पेटी ओरडली. खरीखुरी ओरडली. मी तसाच, अर्ध्या तोंडाला साबण, निघालो. आपल्या जिन्याच्या वळणावर माझा उजवा गुडघा वाकतच नाही, पाय आडवा टाकून एकेक पायरी घ्यावी लागते. वर पेटी केकाटतेय, खाली फाटकाची कडी वाजली ते ऐकू येतंय, आणि मी मधल्या पायरीवर कठडा धरून उभा. मला सगळं कळत होतं. ती निघाली, कुठून निघाली, आत्ता निघाली. फक्त पोचता येत नव्हतं.

शिंप्याच्या सुनेने तिला फाटकाशी धरलं. आईने तिच्या हाताला चावा घेतला. रक्त आलं. ती पोरगी मलाच म्हणते, "असू दे काका, त्यांना कुठे कळतंय." तिच्या कडेवर तिचं बाळ होतं. कोणाच्या लेकीबाळींना मी असं किती दिवस कामाला लावू?

भिंगरी, पेटी तिचं काम चोख करते. माझ्याच्याने होत नाही. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही, तुझ्याजवळ लिहितो. मी फार थकलोय गं. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार येतो, पुन्हा उजाडलं. तिच्यावर आवाज चढवतो. एकदा हात धरून खेचलं, तर वळ उठला. ती लगेच विसरली. मी विसरत नाही.

काल त्या पत्रकांतलं मधलं काढलं, ज्याच्यावर तू खूण केली होतीस, आणि आईला शिंप्याकडे बसवून बस पकडून गेलो. नावं ठेवायलाच गेलो होतो. खिडक्या हलवल्या, नळ सोडून बघितले, त्यांची लिफ्टही बघितली, दार नीट बसतं. एक बाई टेबलाशी बसून अभ्र्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी घडी केली की एक मुलगी ती हळूच मोडून पुन्हा पुढ्यात ठेवत होती, जराही न कंटाळता. मी बराच वेळ बघत उभा होतो. इतकं सावकाश मला आता जमत नाही.

व्यवस्थापिका म्हणाल्या, रोज येऊन दिवसभर बसा, जेवा इथेच, फक्त रात्री घरी जा. मी विचारलं, तिने मला ओळखलं नाही तर? त्या म्हणाल्या, "नाही ओळखलं तरी खुर्ची देतील." त्यांना लिफ्टचं काही माहीत नव्हतं. तिथे मला रडू आलं, काय करणार.

होकार दिलाय. वीस तारखेला, सकाळी. कपड्यांवर नाव घालायचं असतं, ते शिंपी शिवून देतोय.

तू सामान बांधायला येऊ नकोस, ते मी करीन. कागदांसाठी येऊ नकोस, सह्या झाल्या. तुझं म्हणणं बरोबर ठरलं ते ऐकवायलाही आलीस तर ऐकून घेईन. जाताना बसमध्ये ती माझ्या शेजारी असेल, खिडकीतून बघत, काहीबाही विचारत. तो प्रवास मी करीन.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बस. एवढ्यासाठी ये.

बाबा